चार नंबरच्या दारात थापी

"मागनाऱ्याची मान खाली, देनाऱ्याचीबी खाली, मग वर बघायचं कुनी?"

हे वाक्य सुप्याच्या बन्सीतात्यांचं. बाजारात कुणी हातउसने पैसे मागताना दिसलं की ते हे म्हणायचे, लग्नात आहेराची पाकिटं मोजली जाताना म्हणायचे, आणि काहीच घडत नसलं तर आपल्या ओट्यावर बसून समोरच्या डोंगरावरच्या पवनचक्क्यांकडे बघत म्हणायचे. म्हणताना मान वर करायचे, जणू साऱ्या गावाच्या वाटचं वर बघणं त्यांनी एकट्यानं पत्करलं होतं. पण जिथं खरंच वर बघायला हवं होतं, तिथं तात्यांनी दोन वर्षं बघितलं नाही. ही गोष्ट त्या जागेची. जमिनीपासून दहा फुटांवरच्या एका छताची.

तात्यांचं रान पुणे-नगर रस्त्याच्या कडेला. कारखान्यांसाठी जमिनी घेतल्या तेव्हा त्यातलं बरंचसं गेलं आणि मागं उरली एक लांबलचक पट्टी, धोतराच्या काठासारखी. त्या काठावर तात्यांनी एका ओळीत आठ खोल्या बांधल्या. वर सपाट स्लॅब टाकला. जिना ठेवला नाही. "वर काय चांदनं भाड्यानं द्यायचंय?" असं म्हणाले आणि जिन्याचे पैसे वाचवले.

गवंड्याचं काम चालू होतं तेव्हा तात्या रोज त्याच्या शेजारी उकिडवे बसायचे. गवंडी माल कालवी, तात्या बघत. गवंडी ओळंबा सोडी, तात्या एक डोळा मिटून बघत. चौथ्या महिन्यात गवंडी म्हणाला, "तात्या, आता एक तर तुमी तरी कामाला या, न्हाईतर मला तरी बसू द्या." तात्या नगरला गेले आणि थापी विकत घेऊन आले. थापी म्हणजे काय, मूठभर लाकूड आणि तळहाताएवढं पोलाद. पण पान जमवणाऱ्याच्या बोटात चुन्याची काडी फिरावी तशी ती तात्यांच्या हातात फिरायला लागली. साठीला आलेला माणूस, जन्मभर औताचा कासरा धरलेला, आणि त्याला आता भिंतीशी बोलायची विद्या आली.

माणसांशी बोलायची मात्र तेवढी आली नाही. निदान भाडं मागायची तरी नाही.

पहिल्या महिन्यात तात्या भाडं आणायला गेले होते. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, पैसे ठेवायला खांद्याला कापडी पिशवी. एक नंबरच्या दारात जाऊन उभे राहिले. काय म्हणायचं ते सुचेना. "भाडं द्या" म्हणावं तर जीभ उलटेना. नुसतेच उभे राहिले, मान खाली घालून. आतली बाई नवी, लांबून आलेली. तिनं यांचा अवतार पाहिला, पिशवी पाहिली, आत गेली आणि दोन भाकरी, वर ठेचा, अशा आणून पिशवीत टाकल्या. वर म्हणाली, "बाबा, दुसऱ्या दारी जावा आता, आमच्याकडं एवढंच हाय."

अन्नाला नाही म्हणू नये म्हणून तात्यांनी भाकरी घेतल्या. घरी आणल्या. त्यांच्या मंडळी, चांगुणाकाकू, यांनी पिशवीत हात घातला.

"ह्ये काय?"

"भाडं," तात्या म्हणाले.

चांगुणाकाकू तीन दिवस हसत होत्या. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "ठेचा बरा हुता पर. फुडच्या महिन्यात कालवन मिळतंय का बघा."

त्या दिवशी तात्यांनी ठरवलं, की कुणाच्या दारात पुन्हा रिकाम्या हातानं उभं राहायचं नाही. हातात काहीतरी असं पाहिजे, की बघणाऱ्याला कळावं, हा मालक आहे. मग ते थापी घेऊन जायला लागले.

रीत अशी बसली. ज्याचं भाडं थकलं त्याच्या दारात तात्या दहा तारखेनंतर उगवायचे. एका हातात थापी, दुसऱ्या हातात घमेलं. भाड्याचा शब्द नाही. थापीच्या मुठीनं भिंत वाजवायचे, टक टक, टक टक. कान लावायचे. "ह्यो कोपरा फुगलाय," म्हणायचे, आणि तिथंच बसून कामाला लागायचे. तासभर, दोन तास. घरातल्या बाईला स्वयंपाक सुचायचा नाही, पुरुषाला बाहेर पडता यायचं नाही. शेवटी लाजून कुणीतरी नोटा आणायचं आणि घमेल्याच्या कडेला ठेवायचं. तात्या तिकडं बघायचेही नाहीत. कोपरा गुळगुळीत करून, हात धुऊन, घमेल्याबरोबर नोटा उचलून निघून जायचे. कुणाची मान खाली गेली नाही, सगळे भिंतीकडेच बघत होते.

त्यामुळे त्या आठ खोल्यांत एक बोलीच तयार झाली. भाडं थकलं असं कुणी म्हणत नसे. "थापी लागली" म्हणत. "काय रं, या महिन्यात थापी का?" "न्हाई बा, गावाकडनं पैसं आलं." असं.

आता जिथं रीत असते तिथं रीतीतून पळवाट काढणारा एक तरी निघतोच. पाच नंबरमध्ये गोरक्ष राहायचा. पाथर्डीकडचा गडी, कारखान्यांचा माल टेम्पोतून न्यायचा. त्याच्या लक्षात आलं, की भाडं दिलं तर तात्या येत नाहीत, आणि न दिलं तर येतात आणि फुकट काम करून जातात. मग गोरक्षनं हिशेबच बांधला. बायकोला, सुरेखाला, फळी पाहिजे झाली की एक महिना भाडं बंद. मोरीला फरशी पाहिजे, दोन महिने बंद. देवाला कोनाडा, एक महिना. दारापुढं मोटारसायकल चढवायला उतार, दीड महिना. भाडं बुडवायचा नाही तो, सगळं द्यायचा. फक्त काम झाल्यावर द्यायचा. पाच नंबरची खोली अशी सजली, की सुरेखाच्या माहेरची माणसं आली की चपला बाहेर काढताना दोनदा पाय पुसायची.

आणि पाच नंबरला लागून चार नंबर. तिथं पुराणिक राहायचे.

नृसिंह पुराणिक मूळचे पुणतांब्याचे, गोदावरीच्या काठचे. आजोबा माधुकरी मागून शिकलेले. पाच घरची भिक्षा झोळीत घेऊन ते पोथ्या शिकले, आणि मरताना मुलाला सांगून गेले, की आपल्या घरातलं मागणं आता माझ्याबरोबर संपलं. मुलानं ते पाळलं, नातवानं तर त्याचं सोवळंच केलं. पुराणिक कारखान्यात माल तपासायचे. केसाएवढा फरक असला तरी नट परत पाठवायचे. घरात मात्र, आमटीत मीठ कमी पडलं तरी मागायचे नाहीत. त्यांच्या पत्नी सुनीतीबाई त्यांच्या घासाकडे बघून ओळखायच्या आणि डबा सरकवायच्या.

पाच वर्षं झाली, दर एक तारखेला सकाळी सात वाजता पुराणिक बांधावरून चालत तात्यांच्या घरी जायचे. पांढरं पाकीट, वर खोलीचा नंबर, महिना, आकडा. चांगुणाकाकूंनी चहा टाकलेलाच असायचा. तात्या पाकीट घेऊन न उघडता कनवटीला लावायचे. पुराणिक निघून गेले की बायकोला म्हणायचे, "मानूस बग. घड्याळात चावी घालायला इसरलं तरी चालतंय." आठ खोल्यांत तात्यांना कुणाचा अभिमान होता, तर चार नंबरचा. घरमालकाचं खरं धन भाडं नसतं, भाडं देणारा माणूस असतो, असं त्यांना वाटायचं. आणि अशा माणसाच्या घरी थापी घेऊन जायचं कामच काय?

म्हणून पाच वर्षांत तात्या चार नंबरच्या आत गेलेच नव्हते. आणि चार नंबरचं छत दोन वर्षं गळत होतं.

सुनीतीबाई कितीदा म्हणाल्या, "जाऊन सांगा ना तात्यांना." पुराणिक म्हणायचे, "सुचवणं म्हणजे मागणंच की." बाईंनाही सांगू द्यायचे नाहीत. मग बाईंनी न मागता दाखवून बघितलं. एकदा ओली गादी दारात तात्यांच्या वाटेवरच वाळत टाकली. तात्या थांबले, गादी दाबून बघितली, म्हणाले, "चांगलं करताय. उन्हानं ढेकूण मरत्यात." आणि गेले.

त्या वर्षी गणपती बसले आणि गळतीनं नेमकी मखराची जागा धरली. टप, टप, थेट मूर्तीच्या मुकुटावर. पुराणिक हात जोडून म्हणाले, "पर्जन्यराजाचा अभिषेक चाललाय."

सुनीतीबाई म्हणाल्या, "मूर्ती शाडूची आहे. दीड दिवस पुरायची नाही."

मूर्ती कोपऱ्यात सरकवली, वर छत्री धरली. आणि विसर्जन झाल्यावर बाईंनी छत्री मिटता मिटता सांगून टाकलं. चौकाजवळ नवीन इमारतीत खोली बघून ठेवली आहे. दसऱ्याच्या आदल्या रविवारपर्यंत अनामत द्यायची आहे. "मी दसऱ्याला कोरड्या घरात तोरण बांधणार. तुम्ही यायचं तर या, नाहीतर इथं अभिषेक करत बसा."

 पुराणिकांना हे घर आवडायचं. सकाळी बांधावरून जायचं, काकूंच्या हातचा गुळाचा चहा, तात्यांचं ते वर बघून वाक्य म्हणणं. हे सोडायचं?

"एक उपाय आहे," सुनीतीबाई म्हणाल्या. "सुरेखानं सांगितला. भाडं देऊ नका."

"काय!"

"एक महिना थकवा. थापी येईल. आली की वर बोट दाखवायचं. तोंडानं मागायला नको."

पुराणिक दोन दिवस जेवले नाहीत नीट. नट परत पाठवणारा माणूस, स्वतःच खोटा नट व्हायचं म्हणजे सोपं नव्हतं. पण अनामतीचा रविवार पुढं दिसत होता. शेवटी कबूल झाले. पाकीट मात्र त्यांनी नेहमीसारखं तयार केलं, नंबर, महिना, आकडा लिहून, आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं.

एक तारीख उजाडली. सात वाजले. तात्या ओट्यावर बसले होते. चहा झाला. चहा निवला. चांगुणाकाकूंनी तो परत तापवला. साडेसात झाले. बांधावर बगळा उतरला, पुराणिक काही उतरले नाहीत.

"तारीक चुकली का काय आपली?" तात्यांनी विचारलं.

"क्यालेंडर चुकंल, पुरानिक न्हाई चुकायचा," काकू म्हणाल्या.

दोन तारीख गेली, पाच गेली, दहा गेली. तात्यांच्या डोळ्यांपुढं नाही नाही ते यायला लागलं. नोकरी गेली असंल. आजारपण निघालं असंल. एवढा मानी माणूस, कुणाला सांगणार?

"मग जावा की थापी घिऊन," काकू म्हणाल्या. "समद्यांकडं जाताच ना?"

तात्या उठून उभेच राहिले. "थापी? पुरानिकाच्या दारात? अगं, समदी चाळ बगंल. उद्या चौकात बोलत्याल, चार नंबरला थापी लागली. त्या मानसाची अब्रू काय गिलावा हाय व्हय उकरायला?"

आणि मग तात्यांनी आपल्या अकलेनं इलाज केला. अकरा तारखेला सकाळी त्यांनी पायलीभर बाजरी चार नंबरच्या उंबऱ्याशी ठेवली. "आमच्याकडं उंदरं झाल्यात," म्हणाले, "तुमी ठिवून घ्या." तेराला कांद्याची गोणी. "कांद्याच्या चाळीत सडतुय निस्ता." चौदाला दूध. दुधाला काय कारण सांगावं ते सुचेना, तर म्हणाले, "म्हशीला जास्तीचं झालंय."

पुराणिक खोलीच्या मधोमध उभे राहून कांद्यांकडे बघत होते. "आजोबांनी पाच घरी माधुकरी मागितली," ते म्हणाले. "मी न मागता एकाच घरून मिळवली."

"मी छत मागितलं, कांदे आले," सुनीतीबाई म्हणाल्या. "आता फक्त गूळ यायचा राहिला."

शुक्रवारी गूळ आला.

तो द्यायला तात्या आले आणि नेमका त्याच वेळी परतीचा पाऊस आला. आमच्या सुप्याला पाऊस येतो तो पाहुण्यासारखा, कधीतरी, आणि आला की बसून राहतो. डोंगर दिसेनासा झाला, पवनचक्क्या पुसल्या गेल्या. तात्यांना परत जाता येईना. "आत या ना," सुनीतीबाई म्हणाल्या. पाच वर्षांत पहिल्यांदा तात्या चार नंबरच्या आत आले, खुर्चीवर बसले. बाईंनी चहा दिला. तात्यांनी बशी तोंडाला लावली.

टप.

बशीत थेंब पडला. तात्यांनी बशीकडे बघितलं. पुराणिकांनी भिंतीकडे बघितलं.

टप. टोपीवर. तात्या जरा सरकले. टप. खांद्यावर. मग त्यांना दिसलं, की जमिनीवर एक परात आहे, दोन तपेल्या आहेत, एक पाट्याखालचं ताट आहे, आणि कपाटावर, कपड्यांच्या घडीवर, गणपतीत उघडलेली छत्री परत उघडून ठेवली आहे. या घरात भांडी मांडून ठेवायची पद्धत असेल असं त्यांना आधी वाटलं होतं.

मग तात्यांनी मान वर केली.

छतावर ओलीचा डाग पसरला होता, काठाला पिवळा, मध्ये काळा, केवढा तरी, वाफे पाडलेल्या रानासारखा. तात्या बघतच राहिले. त्यांच्या हाताखालून भिंती गेल्या होत्या, कोपरे गेले होते, त्यामुळे त्यांना डागाचं वय लगेच कळलं.

"कवापासनं?"

"थोडंसंच आहे हो," पुराणिक म्हणाले.

"दोन वर्षं," सुनीतीबाई म्हणाल्या.

तात्यांनी बशी खाली ठेवली. भर पावसात उठले आणि बाहेर पडले. पायात चपला घालायचंही राहिलं.

"रागावले," पुराणिक म्हणाले. "बोललीस ना तू. रागावले."

सुनीतीबाईंनी चपला उचलून कोरड्या जागी ठेवल्या. "रविवारी अनामत भरायची," एवढंच म्हणाल्या.

रविवार उजाडला तो लख्ख. धुतलेला डोंगर, धुतलेल्या पवनचक्क्या. आणि बांधावरून तात्या येताना दिसले. खांद्यावर बांबूची शिडी, हातात घमेलं, घमेल्यात सिमेंटची पिशवी, वर थापी. अनवाणी.

तात्यांनी विचार पक्का केला होता. चार नंबरचं छत दुरुस्त झालं पाहिजे, पण चार नंबरच्या दारात थापी दिसता कामा नये. तेव्हा शिडी लावायची पाच नंबरच्या दारात. तिथं थापी येते हे साऱ्या जगाला ठाऊक. वर चढायचं, आणि स्लॅबवरून चार नंबरवर सरकायचं. कुणाला कळणार?

त्यांनी शिडी पाच नंबरला टेकवली, एक पाय पायरीवर ठेवला, आणि गोरक्ष बनियनवर बाहेर आला.

"ओ तात्या! कुठं चाललाय?"

"वर."

"वर कशापायी? मी भाडं दिलंय!"

"दिलं आसंल."

"आसंल न्हाई, दिलंय! एक तारखेला! जल्मात पैल्यांदा येळेवर दिलंय. आता घरात करून घ्यायला काई उरलंच न्हाई, म्हनून दिलंय! आन तुमी थापी घिऊन माझ्या दारात?"

"आरं हळू बोल," तात्या दातांतून म्हणाले.

"का हळू बोलू? सुरेखा, पावती आन गं! न्हाई दिली पावती? बगा, म्हनून सांगत हुतो पावती मागावी!"

एकेक दार उघडलं. दात घासणारे दात घासत बाहेर आले. पोरांना अंघोळ घालणाऱ्या बायका ओलं पोर काखेला मारून बाहेर आल्या. आठ नंबरचा नवा पोरगा खुर्चीच घेऊन आला.

"इमानदारीनं वागावं तर ही तऱ्हा," गोरक्ष सगळ्यांना सांगत होता. "आवो, पैल्यांदा मान ताठ करून झोपलो मी या महिन्यात."

"पाच नंबरचं काई थकल्यालं न्हाई," तात्या ओरडले.

"मग शिडी काढा!"

"न्हाई काढत!"

चार नंबरच्या दाराआड पुराणिक उभे होते. दुसऱ्याच्या दारात आपली थापी उभी आहे आणि दुसरा माणूस आपल्या नावचा बोल खातो आहे, हे त्यांना कळत होतं. तपासणीत त्यांनी कधी एकाचा दोष दुसऱ्याच्या पेटीत टाकला नव्हता. त्यांनी सदऱ्याची बटणं लावली, गळ्यापर्यंत. दार उघडलं. उंबऱ्यावर उभे राहिले.

"शिडी इकडे लावा," ते म्हणाले. आवाज जरा चिरका निघाला, म्हणून परत म्हणाले. "शिडी इकडे लावा. थापी माझी आहे. माझं भाडं थकलंय."

दात घासणाऱ्यांचे हात थांबले.

गोरक्षच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं. "सायेब! तुमीबी? या, या की आमच्यात!"

पण तात्या भडकले. "कुनाचं थकलं? मी कुनाला काई बोललो का? मी मागितलं का?"

"मग मागा ना!" पुराणिक म्हणाले.

"न्हाई मागत!"

"मग मीही देत नाही!"

"नका दिऊ! मी तुमच्याकडं मागायला आलो न्हाई, मी माझा स्ल्याब बघायला आलोय!"

"पण मी तरी कुठे म्हणालो स्लॅब बघा म्हणून?"

"आसं का! मंग जातो!"

"जा!"

कुणी जाईना. दोघं चार पावलांवर समोरासमोर उभे, दोघांच्याही माना ताठ, आणि मध्ये शिडी. तेवढ्यात सुनीतीबाई नवऱ्याच्या बाजूनं वाट काढून बाहेर आल्या. हातात तात्यांच्या चपला होत्या. त्या त्यांनी तात्यांच्या पायापुढं ठेवल्या.

"तात्या," त्या म्हणाल्या, "आमचं छत गळतंय. दुरुस्त करून द्या."

इतकं सोपं वाक्य त्या ओळीत त्याआधी कुणी बोललं नव्हतं. तात्यांनी चपलांकडे बघितलं. मग बाईंकडे. त्यांचे खांदे सैल झाले.

"आस्सं," ते म्हणाले. "येवढं म्हनायला दोन वर्सं?"

"झाली. आता तुमची पाळी."

"माझी कसली?"

"मी मागितलं. आता तुम्ही मागा. नाहीतर मी आज चौकात जाऊन दुसऱ्या घरमालकाला अनामत देते. तो मागतो. दोनदा फोन करून मागितलीय त्यानं."

तात्यांचा चेहरा उतरला. चार नंबर जाणार? एक तारखेचा चहा? त्यांनी थापी या हातातून त्या हातात घेतली. घसा खाकरला. गोरक्ष कानामागं हात धरून पुढं वाकला. तात्यांनी माणसांकडे बघायचं टाळलं, भिंतीकडे बघायचीही चोरी, मग त्यांनी मान वर केली आणि स्लॅबच्या काठाला उद्देशून म्हणाले, "पुरानिकसायेब... ते... चालू महिन्याचं..."

पुढचं काही निघालं नाही, पण पुराणिकांनी तेवढ्यावर भागवलं. आतल्या खिशातून पाकीट काढलं. पंधरवडाभर छातीशी राहून ते मऊ झालं होतं, आकडा घामानं पसरला होता. दोन्ही हातांनी पुढं केलं. तात्यांनी दोन्ही हातांनी घेतलं. आठ नंबरच्या पोरानं टाळी वाजवली आणि सगळ्यांनी त्याच्याकडे रागानं बघितलं.

मग शिडी चार नंबरच्या दारात लागली, उघड्यावर, सगळ्यांच्या देखत. तात्या वर चढले. मागोमाग पुराणिक चढले, खिशात मापाची पट्टी आणि एक वही घेऊन. दोन वर्षं त्यांनी गळती मापून ठेवली होती.

"उत्तरेच्या भिंतीपासून सात फूट तीन इंच," ते म्हणाले. "पहिला थेंब पाऊस सुरू झाल्यावर अकरा मिनिटांनी."

तात्यांनी सात फूट तीन इंचावर जाऊन बघितलं. तिथं काहीच नव्हतं, नुसती भेग, केसासारखी. पण बाजूला पाणी उतरायचा पाईप होता, आणि पाईपाच्या तोंडावर एक उपडं घमेलं पडलं होतं. तात्यांनी ते हलवायला बघितलं तर हलेना. आतला माल दगड झाला होता, अर्धा पाईपात उतरला होता. पाण्याला जायला वाट नाही, म्हणून तळं साचायचं, आणि तळं भेग शोधायचं.

"कुणाचं हे घमेलं?" पुराणिकांनी विचारलं.

खालून चांगुणाकाकूंचा आवाज आला. त्या गलका ऐकून बांधावरून येऊन उभ्या होत्या. "घावलं का व्हय? दोन वर्सं हुडकतेय मी! गोरक्षाच्या मोरीला फरशी बसिवली तवा उरल्याला माल स्ल्याबला लावायला वर गेल्ता तुमी!"

गोरक्ष हळूच घरात गेला आणि दार लावून घेतलं.

दुपारपर्यंत काम चाललं. तात्यांनी छिन्नीनं पाईप मोकळा केला, भेग उकरली, धुतली, घोटून घोटून भरली. पुराणिक पाण्याचा तांब्या धरून बसले होते. कुठं उतार कमी आहे, कुठं हात हलका पडला, हे सांगत होते, आणि गंमत म्हणजे तात्या ऐकत होते. खाली सुनीतीबाईंनी फोन लावला. "खोली नको," एवढंच बोलल्या, आणि मग आतली परात, तपेल्या, ताट, सगळी भांडी घासून पालथी घातली.

काम झाल्यावर तात्या खाली उतरले. थापी धुतली, पदराला पुसावी तशी धोतराला पुसली. वरून पुराणिक म्हणाले, "माल ओढून घट्ट झाला की एकदा पाणी सोडून बघतो. खात्री केल्याशिवाय उतरत नाही मी."

"बगा, बगा," तात्या म्हणाले. पण त्यांचं लक्ष नव्हतं. ते आपल्याशीच पुटपुटत होते. "चालू महिन्याचं... चालू महिन्याचं भाडं..." जन्मात पहिल्यांदा तोंडातून निघालेला शब्द, लहान पोर नवी शिट्टी वाजवत फिरतं तसा ते परत परत वाजवून बघत होते. मग रोजच्या सवयीनं त्यांनी घमेलं काखेत मारलं, शिडी खांद्यावर घेतली आणि चपला वाजवत बांधावरून घराकडे चालायला लागले. चांगुणाकाकू दहा पावलं पुढं होत्या.

स्लॅबवर पुराणिक उभे होते. हातात तांब्या. जिना नसलेल्या त्या छतावरून त्यांनी शिडी जाताना बघितली. तोंड उघडलं, मिटलं.

सुनीतीबाई अंगणात येऊन उभ्या राहिल्या. तात्यांकडे त्यांनी एकदाच बघितलं. मग मान वर करून नवऱ्याकडे बघितलं, आणि पदर तोंडाला लावला.

"लांब चाललेत," त्या म्हणाल्या. "हाक मारा की."

"येतील परत. आठवण झाली की."

"कधी? एक तारखेला?"

शिडीचं मागचं टोक बांधावर वरखाली हलत होतं. पुराणिकांनी तांब्या खाली ठेवला. सदऱ्याचं वरचं बटण काढलं. घसा खाकरला.

"तात्या..." ते म्हणाले. आधी हळू, स्लॅबलाही ऐकू जाणार नाही इतकं. बाजरीच्या ताटांमधून तात्यांची टोपी लहान लहान होत चालली होती, आणि वर पुराणिक, खाली सुनीतीबाई, आणि दार किलकिलं करून गोरक्ष, असे तिघं ती बघत होते.